मोटार-प्रश्नोत्तरे : बूस्ट चढला की पेट्रोलचा दाब का उतरतो?

प्रश्न : माझ्याकडे १.८ लिटरची जुनी टर्बो पेट्रोल सेडान आहे. तिचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) रिमॅप करून, म्हणजे त्यातील प्रोग्रॅम बदलून, बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) ०.६ वरून १.१ बारपर्यंत वाढवला आहे, मोठे इंजेक्टर बसवले आहेत आणि टाकीत ताशी २५५ लिटर क्षमतेचा पंप टाकला आहे. ट्यूनरच्या म्हणण्याप्रमाणे इंजिन सुमारे २२० अश्वशक्ती देते. उन्हाळा लागल्यापासून समृद्धी महामार्गावर चढताना चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, की रेलवरच्या (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवरच्या) गेजमध्ये पेट्रोलचा दाब ३.६ बारपर्यंत चढतो, आणि मग बूस्ट कायम असतानाच २.८ बारपर्यंत उतरतो. गाडी धक्के खाते. दुपारी आणि टाकी पावपेक्षा कमी असताना हा त्रास अधिक होतो. गावातील मेकॅनिक इंजेक्टर साफ करा म्हणतात, तर शहरातील गॅरेजवाले आणखी मोठा पंप सुचवतात. काय करावे?
— एक वाचक, ता. कारंजा, जि. वाशीम

उत्तर : कारण सापडेपर्यंत पूर्ण बूस्टवर गाडी चालवू नये, हे आधी सांगतो. आपल्या गाडीतील पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटर एका बारीक नळीने इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) जोडलेला असतो आणि बूस्ट जितका वाढेल तितकाच पेट्रोलचा दाब वाढवणे हे त्याचे काम असते. मूळ दाब ३ बार धरला, तर १.१ बार बूस्टला रेलमध्ये ४.१ बार दिसायला हवेत. त्या वेळी तेथे २.८ बारच असतील, तर इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधील फरक अवघा १.७ बार उरतो. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे नेमक्या सर्वाधिक गरजेच्या वेळी इंजिनाला सुमारे २५ टक्के पेट्रोल कमी मिळते. अशा विरळ मिश्रणावर नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी, धक्क्याने भडका) सुरू होते, आणि ते चालू राहिले तर पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटतात किंवा पिस्टनच वितळतो. धक्के जाणवतात तेव्हा इंजिन आपल्याला इशारा देत असते, असे समजावे.

गेजचे आकडे आपण कळवले हे बरे झाले, कारण निम्मे निदान त्यांतच आहे. रेग्युलेटरची बूस्टची नळी फाटली किंवा निसटली असती, तर दाब ३ बारच्या आसपास अडकून राहिला असता. तो आधी ३.६ पर्यंत चढलाच नसता आणि नंतर मूळ दाबाच्याही खाली आला नसता. इंजेक्टर घाण झाले असते, तर रेलमधील पेट्रोलला बाहेर पडायला वाट कमी मिळाली असती, त्यामुळे दाब पडण्याचे कारण नव्हते. रेल भरलेली राहत नाही, याचा अर्थ मागून येणारा पुरवठाच तुटतो आहे. इंजेक्टर साफ करण्याचा खर्च तूर्त वाचवावा.

आता मोठ्या पंपाविषयी. २२० अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनाला पूर्ण भारावर ताशी साधारण ८० ते ९० लिटर पेट्रोल लागते. आपल्या पंपाची २५५ लिटर ही क्षमता दाब वाढला की खाली येते, तरीही ती गरजेच्या दुपटीहून अधिक राहते. एवढा पंप असूनही रेल रिकामी होत असेल, तर एक तर पंपाला पुरेशी वीज मिळत नाही, किंवा त्याने उचललेले पेट्रोल वाटेतच गळते किंवा अडते, किंवा त्याला उचलायला नीट पेट्रोलच मिळत नाही. या तिन्ही परिस्थितींत आणखी मोठा पंप बसवला तर दुखणे तसेच राहील, उलट वायरिंगवरचा भार वाढेल.

सर्वांत स्वस्त तपासणी विजेची आहे, म्हणून ती आधी करावी. मोठा पंप जास्त विद्युतप्रवाह ओढतो, पण बहुतेक ठिकाणी तो कारखान्याने लहान पंपासाठी दिलेल्या बारीक वायरवरच जोडला जातो. मल्टिमीटरच्या वायरी पंपाच्या कनेक्टरवर लावाव्यात आणि पंप चालू असताना, तोही दाब पडण्याच्या क्षणी, व्होल्टेज पाहावे. पंप बंद असताना घेतलेला आकडा निरर्थक असतो. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि पंपावर १२ व्होल्टही दिसत नसतील, तर दोष वायर, रिले किंवा अर्थमध्ये आहे. अर्थची बाजू हमखास विसरली जाते. बॉडीला जोडलेला तो एक बोल्ट गंजला, की पॉझिटिव्हची कितीही जाड वायर ओढली तरी उपयोग होत नाही. गाडी घराशेजारी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीजवळ उभी राहत असेल, तर मागच्या सीटखालची वायर उंदरांनी कुरतडली आहे का, हेही पाहावे. दोष विजेचाच निघाला, तर बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेसह जाड वायर पंपापर्यंत न्यावी.

व्होल्टेज ठीक निघाले तर टाकी उघडावी लागेल, आणि माझा संशय तेथेच आहे. पंप बदलताना पंपापासून झाकणापर्यंत रबरी नळीचा जो वीतभर तुकडा घातला जातो, तो पुष्कळदा दुकानात मिळणाऱ्या साध्या फ्युएल नळीचा असतो. ती नळी आतून पेट्रोल सोसते, मात्र चोवीस तास बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी ती बनवलेली नसते. आता पेट्रोल पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असल्यामुळे जुन्या रबराची परीक्षा आणखी कठीण झाली आहे. अशी नळी बाहेर काढली की फुगलेली आणि मऊ दिसते, बोटांना काळे लागते, आणि वाकवल्यावर क्लिपच्या कडेशी केसाएवढी चीर उघडते. कमी दाबाला ती चीर मिटलेली असते. दाब चढला की ती उघडते आणि पेट्रोल परत टाकीतच पडते. त्यामुळे बाहेर ना वास येतो, ना थेंब दिसतो. टाकीत बुडवण्यासाठी असलेल्या नळीवर एसएई ३०आर१० असा शिक्का असतो. ती महाग असते, पण तेथे दुसरी नळी चालत नाही. त्याच वेळी पंपाच्या तोंडाची जाळी आणि टाकीबाहेरचा फिल्टरही बदलावा. गाळ दोन्हींत साचतो.

टाकी उघडण्याआधी अंगणातच एक चाचणी करता येते. इंजिन बंद ठेवून पंप चालू करावा आणि रेलकडून टाकीकडे परतणारी नळी रबराची असेल, तर ती क्षणभरच दाबून धरावी. दाब झपाट्याने ५ बारच्या वर गेला, तर पंप आणि नळी ठीक आहेत असे धरता येते. दाब ३.५ ते ४ बारशी येऊन रेंगाळला, तर चीर किंवा अडथळा आहे. प्लॅस्टिकची नळी मात्र चिमटू नये, ती चिरते.

दुपारी आणि टाकी कमी असताना त्रास वाढतो, हा धागाही सोडू नये. आपल्या गाडीत न वापरलेले पेट्रोल तापलेल्या इंजिनाजवळून फिरून टाकीत परत जाते. पंप मोठा असल्यामुळे ही फेरीही मोठी असते. बाहेर ४५ अंश तापमान, टाकीत दहा-बारा लिटर पेट्रोल आणि तेही तापलेले, अशा वेळी पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होऊ लागतात. त्यात पंप मूळ बकेटमध्ये (पंपाभोवती पेट्रोल साठवून ठेवणाऱ्या टाकीतील भांड्यात) नीट बसलेला नसेल, तर वेग घेताना पेट्रोल मागे सरकते आणि पंप हवा ओढतो. म्हणून टाकी पूर्ण भरून पहाटे पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन रेलचा दाब एकदाच, थोडाच वेळ पाहावा. तेव्हा दोष नाहीसा झाला तर बकेट आणि उष्णतेकडे पाहावे. तेव्हाही कायम राहिला तर नळी, फिल्टर किंवा वीज. ही चाचणी शक्यतो डायनोवर (गाडी जागीच रोलरवर चालवून मोजणाऱ्या यंत्रावर) घ्यावी. रस्त्यावर घ्यायची झाल्यास गेज पाहायला दुसरा माणूस सोबत असावा.

पेट्रोल भरलेली गेजची नळी केबिनमध्ये कधीही आणू नये, तेथे विद्युत सेन्सरचेच गेज वापरावे. टाकी उघडताना बॅटरीची वायर काढावी, काम मोकळ्या हवेत करावे आणि जवळ विजेचा उघडा बल्ब किंवा बिडी नको. रिमॅप जुना असेल, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तो पुन्हा तपासून घ्यावा. अशा पेट्रोलसाठी हवा आणि इंधन यांचे संतुलित प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ ला एक असे असते, म्हणजे तितक्याच हवेला इंधन अधिक लागते, आणि पूर्ण बूस्टवर अनेक ईसीयू ही तूट आपोआप भरून काढत नाहीत.

प्रश्न : माझ्या रिमॅप केलेल्या १.० लिटरच्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो गाडीलाही हीच चाचणी लागू पडेल का?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : अर्धीच. आपल्या गाडीत दोन पंप आहेत : टाकीतला कमी दाबाचा आणि इंजिनावर कॅमशाफ्टने चालणारा, १०० बारहून कितीतरी अधिक दाब देणारा. त्या दुसऱ्या बाजूची जोडणी घरी सैल करू नये. एवढ्या दाबाची धार कातडीत घुसते. स्कॅनर लावून अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब एकाच वेळी नोंदवावेत. कमी दाबाची बाजू आधी पडत असेल तर वरील उत्तरातील वीज, फिल्टर आणि टाकीची तपासणी आपल्यालाही लागू आहे. ती स्थिर राहून केवळ उच्च दाब पडत असेल, तर इंजिनावरचा पंप आणि त्याला ढकलणारा कॅमचा भाग जाणकाराकडून उघडून पाहावा.