शेततळ्यातल्या माशांना जिवाणूंचा रोग कुठून लागतो? कोणतं औषध टाकावं?

कुठून येत नाही हो, तो तळ्यातच बसलेला असतो. हे वाक्य मी आमच्या आप्पाला सात वर्षं ऐकवतोय, आज तुम्हाला ऐकवतो.

तुम्ही लिहिलंय की रोहूच्या अंगावर लाल चट्टे आलेत, शेजारच्या तळ्यातही मासे मेलेत, आणि दुकानदार म्हणतोय बी, म्हणजे सोडलेली पिल्लं, रोगट होतं. बाकीचं सोडून दिलं असतं, पण ‘बी रोगट होतं’ वाचलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारून लिहायला बसलो.

आमचं इंदापूर तालुक्यात सामूहिक शेततळं आहे, ४४ बाय ४४ मीटरचं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. काढलं डाळिंबासाठी, मासे ही नंतरची हौस. अर्धं माझं, अर्धं चुलतभावाचं, ज्याला सगळा गाव आप्पा म्हणतो. जुलैत रोहू, कटला, मृगळची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. पोरं शाळेतून आली की पेंड टाकायला तळ्यावर पळायची, इतकं कौतुक होतं.

जानेवारीच्या मध्यात मी पुण्याला गेलो होतो. आप्पाकडे पाहुणे आले. गड्याला घेऊन त्यानं भल्या पहाटे जाळं ओढलं, पाण्यात हात घालवत नाही अशा थंडीत. कालवणाला हवे होते चार कटले. जाळ्यात आले शे-दीडशे मासे. ते सगळे काठावर कागदावर ओतले, चार निवडले आणि उरलेले पायानं ढकलून परत पाण्यात. मी दोन दिवसांनी आलो तर काठाच्या कागदावर वाळलेले खवले चिकटलेले, उन्हात अभ्रकासारखे चमकत होते. एक नखानं सोडवून पाहिला, त्याच्या मुळाशी कातडीचा बारीक तुकडा तसाच होता.

तेव्हा एकही मासा मेला नाही. सगळ्या भांडणाचं मूळ हेच आहे.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. दुपारची उन्हं तापायला लागली होती. सकाळी गेलो तर काठाशी सुस्त मासे, परांच्या मुळाशी लाली, तिसऱ्या दिवशी पोटं फुगलेली, डोळे बाहेर आलेले. एका रोहूचे खवले असे उभे राहिले होते की हात फिरवला तर अननसाच्या सालीवरून फिरवल्यासारखं वाटावं. कापला तर पोटातून वाटीभर गुलाबी पाणी आलं.

आता तुमचा खरा प्रश्न. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे, ते त्याचं चिलखत आहे. त्यात जिवाणू मारणारे पदार्थ असतात आणि तो सतत झडून नवा येत असतो, म्हणजे चिकटलेला जिवाणू त्याच्याबरोबर वाहून जातो. खवला कातडीच्या खिशात बसलेला असतो. तो उपटला की खिसा फाटतो आणि दार उघडं. दुसरी दारं म्हणजे कल्ले आणि आतडं. माशांच्या उवा झाल्या असतील तर त्या चावून चावून अशी दारं रोज पाडतात.

आत शिरणारा आमच्याकडचा नेहमीचा भिडू म्हणजे एरोमोनास हायड्रोफिला नावाचा जिवाणू. गोड्या पाण्यात, गाळात, धडधाकट माशाच्या आतड्यातसुद्धा तो असतो. एकटा-दुकटा असेल तर गप्प बसतो. पण हे जिवाणू एकमेकांना रासायनिक खुणा सोडतात, आणि संख्या पुरेशी झाली की माशाचं मांस विरघळवणारी पाचकद्रव्यं सोडायचा जोर वाढवतात. शास्त्रज्ञ याला कोरमच म्हणतात. आमच्या ग्रामसभेला कधी झाला नाही, यांचा मात्र रात्रीत होतो. शिवाय त्याच्याकडे एरोलायसिन नावाचं विष असतं, ते पेशीच्या आवरणाला चक्क भोक पाडतं. तांबड्या पेशी फुटतात, बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात. तुम्हाला दिसले ते लाल चट्टे बहुधा हेच.

पोट का फुगतं? गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सारखं झिरपत असतं आणि मूत्रपिंडं ते दिवसरात्र उपसत असतात. विहिरीवरची मोटार बंद पडली की जे होतं ते इथे होतं. मूत्रपिंड गेलं की पाणी आत साचतं, पोटात साचतं, खवल्यांच्या खिशांत साचतं, म्हणून खवले उभे राहतात. त्यात माशाला आपल्यासारखी हाडांतली मज्जा नसते, रक्ताच्या पेशी मुख्यतः मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात तयार होतात. म्हणजे पंपही गेला आणि शिपाई तयार करायचा कारखानाही.

आणि फेब्रुवारीच का? मासा थंड रक्ताचा, पाणी गार तर त्याची प्रतिकारशक्तीही गार. जानेवारीतली जखम धड भरत नाही. मग पाणी तापायला लागतं, जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, माशाची फौज जागी व्हायला मात्र आठवडे लागतात. मधल्या फटीत मासा मरतो.

हे सगळं मला मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या एका बाईंनी समजावलं. मी आधी मेलेले मासे पिशवीत घालून नेले होते. त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. मेलेल्या माशाच्या आतड्यातले जिवाणू काही तासांत सगळीकडे पसरतात, मग कोणी मारलं ते कसं कळणार? आजारी पण जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यात आणा, म्हणाल्या. नेला. त्यांनी मूत्रपिंडातून सुईच्या टोकाएवढं घेऊन जिवाणू वाढवायच्या बशीवर रेघोट्या ओढल्या, दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळे ठिपके आले होते. ‘तुमच्या धडधाकट माशाच्या आतड्यातून घेतलं असतं तरी हा मिळाला असता,’ हे त्यांचं वाक्य मी घरी येऊन आप्पाला जसंच्या तसं सांगितलं.

आप्पा म्हणाला, “आरं, बीच रोगट हुतं.”

म्हटलं, “आप्पा, बी टाकून सात महिनं झालं. रोगट बी सात महिनं काय कॅलेंडर बघत बसलं हुतं?”

तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं.

औषधाचं सांगतो. एका दुकानातून आप्पानं अँटिबायोटिकची पावडर आणली आणि सगळी पुडी तळ्यात ओतली. मूर्खपणा. मुळात आजारी मासा खात नाही, त्यामुळे खाद्यातून दिलेलं औषधही पोचतं ते बऱ्या माशांच्या पोटात. आणि लाखो लिटर पाण्यात ओतलेलं औषध माशाला पुरत नाही, जिवाणूंना मात्र सराव देतं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं मत्स्यशेतीत चालत नाहीत, कोलिस्टिनवर २०१९ पासून बंदी आहे. पुडीवर नाव नसेल तर ती परत करा. अँटिबायोटिक लागलंच तर तपासणी करून, कोणतं लागू पडतं ते बघून, खाद्यातून, आणि मग ठरलेले दिवस मासा विकायचा नाही.

आज काय कराल? पेंड बंद. मेलेले रोज काढा, चुना टाकून पुरा, कुत्र्याला घालू नका. तळातलं पाणी काढून ताजं सोडा, पहाटे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा किंवा पंपाचं पाणी उंचावरून पाडा, कारण प्राणवायू सगळ्यात कमी पहाटेच असतो. पोटॅशियम परमँगनेट लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे हजार लिटरला २ ग्रॅम. आमच्या तळ्यात तेव्हा तीस लाख लिटर पाणी होतं, ६ किलो लागलं. ते शेवाळही मारतं आणि प्राणवायू उतरतो, तेव्हा एरेटर नसेल तर हात लावू नका. फुगलेले मासे बहुतेक जातातच, आशा धरू नका. वाचवायचे ते अजून न फुगलेले.

शेजाऱ्याच्या तळ्याचं म्हणाल तर तुमच्या दोघांची हवा एक, थंडी एक, आणि बहुधा पेंड टाकायची घाईही एक.

आता खरं सांगायचं तर लाल चट्टे म्हणजे दरवेळी हाच जिवाणू असं नाही. कल्ल्यांवर कापसासारखं दिसलं तर फ्लेवोबॅक्टेरियम हा दुसरा जिवाणू असू शकतो, लोक त्याला बुरशी समजतात. चिलापी मासा गोल गोल फिरत असेल, डोळे बाहेर आले असतील तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संशय घ्या. उलट १९८८ मध्ये भारतात शिरलेला तो जखमांचा मोठा रोग, ज्याचं खापर आधी जिवाणूंवरही फुटलं, तो निघाला बुरशीसारख्या एका जिवाचा, जिवाणू नंतर जखमेत शिरलेले. म्हणून आधी तपासणी. आणि बी कधीच रोगट नसतं असंही नाही, पंगस माशाच्या बोटुकल्यांबरोबर रोग येतो. पण तो आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो, सात महिन्यांनी नाही.

आणखी एक. आमच्या तळ्याला हजार-बाराशे बोटुकली पुरेशी होती. अडीच हजार टाकली. ती मी टाकली. तळाशी कुजलेल्या पेंडेचा काळा गाळ होता, तोही माझ्याच हातचा. हे आप्पाला मी अजून बोललेलो नाही.

जाळं दोघांच्या पैशाचं आहे, पण ते त्याच्या माळ्यावर असतं. तुम्ही शेवटचं जाळं कधी ओढलंत आणि कुणी, तेवढं खाली लिहा.