विश्वास उरला नाही, भीती मात्र आहे

“देवावर पूर्वीसारखा विश्वास राहिलेला नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि घरी यातले काहीच माहीत नाही, सांगू की नको?” रत्नागिरीत शिकायला आलेली मुले-मुली शब्द थोडेफार बदलून हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. बहुतेक जण तो गणपतीच्या किंवा शिमग्याच्या तोंडावर आणतात, कारण तेव्हा गावी जाणे टाळता येत नाही. पुढे दिलेला अनुभव अशाच एका मुलाचा आहे. त्याच्या संमतीने तो लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि रसायनशास्त्र हा त्याचा मुख्य विषय होता. घर राजापूर तालुक्यात, वडिलांची हापूसची थोडी कलमे, आई घर आणि गुरे सांभाळणारी, दोन्ही काका मुंबईला. साळवी स्टॉपजवळ तिघा मित्रांबरोबर खोली घेऊन तो राहत होता. तिसऱ्या सत्रात फिजिकल केमिस्ट्रीत त्याला केटी लागली होती, म्हणजे त्या विषयात नापास होऊन तो पेपर पुन्हा द्यायचा होता, आणि घरी मात्र त्याने “निकाल अजून लागलेला नाही” असे सांगून ठेवले होते. यातले काही बोलण्याआधी त्याने विचारले ते वेगळेच: “मॅडम, तुम्ही मला मेंटल हॉस्पिटलला पाठवणार का?” राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत असल्यामुळे इथल्या मुलांच्या चेष्टेत त्याचा उल्लेख सतत येतो, आणि समुपदेशकाकडे जाणे म्हणजे त्याच वाटेला लागणे अशी समजूत होऊन बसते. गरज असेल तेव्हा तिथे जाण्यातही काही कमीपणा नाही, हे मी त्याला सांगितले. मग गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा आणि जीव नकोसा वाटणे याबद्दल आडपडदा न ठेवता विचारले. असे प्रश्न सरळ विचारल्याने मुलांच्या डोक्यात भलते विचार शिरतील ही पालकांची भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारल्याने मुलांना हलके वाटते. त्याची झोप उशिरा लागत होती, एवढेच आढळले. ज्यांच्या बाबतीत याहून अधिक काही असेल, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.

नवसाची गोष्ट दुसऱ्या भेटीत बाहेर आली. मुलगा बारावीला चांगल्या गुणांनी सुटला तर शिमग्यात पालखी घरी येईल तेव्हा त्याच्या हातून ग्रामदेवीला साडी आणि नारळाचे तोरण अर्पण करू, असा नवस आईने बोलला होता. तो चांगल्या गुणांनी सुटला. पण पहिल्या वर्षाच्या शिमग्याला प्रॅक्टिकलचे कारण पुढे करून गावी गेलाच नाही. खरे कारण वेगळे होते. खोलीवरचा एक मित्र वाचणारा आणि वाद घालणारा होता, रात्री जेवणानंतर देवधर्मावर चर्चा रंगत, आणि हळूहळू या मुलाला पटत गेले की देवीसमोर हात जोडणे हे आता आपल्याकडून ढोंग होईल. विश्वास उडण्यामागे काहीतरी मोठा आघात असला पाहिजे अशी आपली कल्पना असते. माझ्यासमोर येणाऱ्या मुलांच्या बाबतीत बहुधा तसे काहीच घडलेले नसते, काही महिन्यांच्या गप्पा आणि थोडे वाचन एवढे पुरते. पुढे वडिलांची दुचाकी घाटात घसरून हात मोडला, अवकाळी पावसात कलमांचा मोहर काळा पडला आणि शेवटी केटी लागली. केटीचे कोणालाच ठाऊक नव्हते, तरी आत्या फोनवर आईला म्हणाली, “देवीचं काही राहिलंय का बघा.” ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसले. तो मला म्हणाला, “मला देव आहे असं वाटत नाही. पण ती कोपली असेल असं वाटतं.”

या वाक्यावर हसू नये. विश्वास आणि भीती बरोबरच येतात आणि बरोबरच जातात, असे गृहीत धरल्यामुळे मुले स्वतःला मूर्ख किंवा खोटारडी समजू लागतात. प्रत्यक्षात विचारांनी काढलेला निष्कर्ष मनाच्या एका भागाला पटतो आणि लहानपणापासून अंगवळणी पडलेली धास्ती दुसऱ्या भागात तशीच राहते; तिला वादात हरवता येत नाही. देवी कोपते की नाही, हे ठरवणे माझे काम नव्हते, आणि माझी स्वतःची श्रद्धा काय आहे हे त्याने विचारल्यावर मी ते सांगितले नाही. त्याऐवजी मी त्याला विचारले की हा नवस बोलला कोणी. “आईने,” तो म्हणाला. मग तो फेडायचा की नाही आणि कसा फेडायचा, हे ठरवण्याचा पहिला अधिकार कोणाचा? यावर तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर त्याने शिमगा चुकवल्यापासून घडलेल्या वाईट गोष्टींची यादी केली, जी त्याच्याकडे मनात तयारच होती. त्याच काळात घडलेल्या बऱ्या गोष्टी लिहायला सांगितल्यावर मात्र पेन अडले. बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, सत्रातले बाकीचे सगळे विषय सुटले होते, वडिलांचा हात धड जुळला होता. शिवाय खोलीवरच्या एकाने दर संकष्टीला गणपतीपुळ्याला जाऊनही त्याच पेपरात केटी घेतली होती, ही माहिती त्यानेच हसत पुरवली.

केटीचे कारण शोधणे त्या मानाने सोपे होते, आणि समुपदेशनात अशा सोप्या गोष्टी आधी कराव्यात असे माझे मत आहे. मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी मीही रसायनशास्त्र शिकले असल्याने कोरा कागद पुढे करून फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शनचे समीकरण मांडायला सांगितले. अंतिम सूत्र त्याने झटकन लिहिले, २.३०३ हा आकडाही बिनचूक होता. तो आकडा कुठून आला असे विचारताच तो थांबला. नॅचरल लॉगचे रूपांतर दहाच्या पायावरच्या लॉगमध्ये करताना तो गुणक येतो हे त्याला माहीत नव्हते, आणि त्याआधीचे इंटिग्रेशन तर त्याने निव्वळ पाठ केले होते. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्या मुलांची हीच अडचण होते: बी.एस्सी.ला प्रवेशाचे दार उघडे राहते, पण दुसऱ्या वर्षाची फिजिकल केमिस्ट्री कॅल्क्युलस येते असे धरूनच शिकवली जाते. तो रोज तीच वही पुन्हा पुन्हा वाचत होता, वाचताना सगळे ओळखीचे वाटत होते, आणि पेपरात हात अडत होता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मजकूर वारंवार वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिल्याचे दिसले होते. वही मिटून लिहायचे, अडेल तिथे खूण करायची आणि ती खूण घेऊन कोणाकडे तरी जायचे, असे आम्ही ठरवले.

कोणाकडे, हा प्रश्न मित्रांपाशी येऊन ठेपला. खोलीवर तो देव न मानणारा म्हणून ओळखला जात होता आणि घरी देवीचा मुलगा म्हणून. दोन्हीकडे त्याला आपली भूमिका सांभाळावी लागत होती. मित्रासमोर मनातली भीती कबूल करणे त्याला आईसमोर शंका कबूल करण्याइतकेच कठीण वाटत होते. केटी लागल्याचेही त्याने खोलीवर “पेपर रिव्हॅल्युएशनला टाकलाय” असे सांगून झाकले होते. वाद घालणाऱ्या त्या मित्राने बारावीला गणित घेतले होते. पुढच्या भेटीपर्यंत या मुलाने त्याला केटीचे खरे सांगून इंटिग्रेशन शिकवायला बसवले होते. नवसाचे मात्र सांगितले नाही, आणि ते सांगायलाच हवे असे मलाही वाटले नाही.

घरी काय सांगावे, या मूळ प्रश्नाचे उत्तर मी त्याला दोन तुकड्यांत दिले. केटीचे लगेच सांगायचे, कारण परीक्षेचा फॉर्म भरण्याला मुदत असते, पैसे लागतात आणि खोटे जितके लांबते तितके महाग पडते. श्रद्धेबद्दलच्या शंकेला अशी मुदत नसते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने आपण आस्तिक की नास्तिक याची घोषणा ठरावीक तारखेपर्यंत केली पाहिजे, असे त्याला घरच्यांनी सांगितले नव्हते. ते त्याचे त्यानेच ठरवले होते. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या स्व-ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. काही जण शोध न घेताच घरून मिळालेले स्वीकारतात, काही जण शोधही घेत नाहीत आणि कोणती भूमिकाही ठरवत नाहीत, काही शोधात असतात, आणि काही शोध घेऊन स्वतःची भूमिका ठरवतात. यांतली शोधाची अवस्था सर्वांत अस्वस्थ करणारी असते, पण ती आजार नव्हे. महाविद्यालयाची वर्षे बऱ्याच अंशी त्यासाठीच असतात. घाईघाईने घेतलेली नास्तिकतेची शपथ हीसुद्धा न शोधता स्वीकारलेली गोष्ट असू शकते, हे सांगितल्यावर तो थोडा नाराज झाला.

शनिवारी गावी जाऊन त्याने केटीचे सांगितले. आईने फॉर्म कधी भरायचा आणि किती पैसे लागतील एवढेच विचारले. वडील जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत आणि मग चांगलेच संतापले, केटीवरून नव्हे, तर महिनाभर निकालाबद्दल खोटे सांगितल्यावरून. तो राग रास्त होता आणि आठवडाभर टिकला. पालकांना मी इथे एवढेच सुचवेन की शिमग्याला जमलेल्या चाकरमान्यांसमोर मुलांना “किती टक्के पडले?” असे विचारणे बंद केले तर निम्मी मुले निकाल लपवणार नाहीत.

शिमग्याला जायचे त्याने स्वतःच ठरवले, पण आदल्या आठवड्यात एक शंका घेऊन आला: मनात विश्वास नसताना पालखीला खांदा दिला तर ते ढोंग होईल का? मी त्याला उलट विचारले की खांदा देताना तू कोणाला काही खोटे सांगतोस का. पालखी गावभर घरोघरी फिरवायची तर खांदे बदलत राहावे लागतात, आणि खांदा देणाऱ्याला त्याच्या मनात काय आहे असे कोणी विचारत नाही. ते गावाचे काम असते. आईला मात्र त्याने सरळ सांगावे, असे मी सुचवले. तसे त्याने सांगितले: “तू नवस फेड, मी बाजूला उभा राहतो. पण माझ्या हातून नको.” आईला वाईट वाटले, हे त्याने लपवले नाही. ती म्हणाली की नवस माझा आहे, मीच फेडीन. तिनेच साडी आणि तोरण अर्पण केले. मानकऱ्यांनी गाऱ्हाणे घातले तेव्हा सगळ्यांबरोबर त्याच्याही तोंडून “व्हय म्हाराजा” निघून गेले, आणि परत आल्यावर हे बरोबर झाले की चूक, यावर त्याने माझा अर्धा तास घेतला. मी काहीही ठरवून दिले नाही.

केटी पुढच्या परीक्षेत सुटली, गुण बेताचेच पडले. खोलीवरचे वाद चालू आहेत. आता तो कधी कधी मित्राच्या विरुद्ध बाजूनेही बोलतो आणि त्याला त्यात मजा येते. नवस फेडला म्हणूनच केटी सुटली याबद्दल आत्याच्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि इंटिग्रेशनचे तिला समजावण्याच्या भानगडीत तो पडलेला नाही.