निधी मार्चमध्ये, रस्ता मेमध्ये खणलेला

प्रश्न: आमच्या वाड्यावर मार्चमध्ये मस्त हॉटमिक्स केलं, आणि मे संपायच्या आत नळाची पाईप घालायला तोच रस्ता खणला. आता पावसात त्या चरात दुचाक्या घसरतात. विचारलं तर म्हणे वर्ष संपायच्या आत निधी खर्च करायचा होता. माझा भाचा अमेरिकेत असतो, तो सांगतो २००९ च्या मंदीत तिथं रस्त्यांना सरकारने भरपूर पैसा दिला आणि राज्यांनी तो मुदतीत कामाला लावला. मग घाई आमच्याकडेच का अंगलट येते? – एक वाचक, डिचोली

उत्तर: भाचा बरोबर सांगतो. मंदीत हा पैसा देणारा कायदा १७ फेब्रुवारी २००९ ला झाला, त्यात रस्ते-पुलांसाठी साडेसत्तावीस अब्ज डॉलर होते, आणि अट अशी की राज्याच्या हातातल्या रकमेतले निम्मे पैसे १२० दिवसांत आणि बाकीचे वर्षभरात ठरलेल्या कामांना बांधायचे, नाहीतर ते दुसऱ्या राज्याला जातील. सगळ्या राज्यांनी मुदत पाळली. पण इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, पैसे बांधायचे म्हणजे काम मंजूर करून त्याच्या नावावर रक्कम लावायची, मुदत त्याला होती, रस्ता पुरा करायला नव्हे. आपल्याकडे ३१ मार्चला बिल निघायला लागतं, म्हणून आधी डांबर पडतं आणि पाईपवाल्यांना कोणी विचारतच नाही.

दुसरं म्हणजे तिथं जवळजवळ निम्मा पैसा जुन्या रस्त्यांच्या डांबरीकरणाला आणि दुरुस्तीला गेला, कारण त्याला नवी जमीन घ्यावी लागत नाही, पर्यावरणाच्या परवानग्या कमी, आणि कागद आधीच तयार होते. मोठे पूल, नवे रस्ते त्या मुदतीत बसणारे नव्हतेच. ओबामांनी स्वतः २०१० मध्ये कबूल केलं की लगेच फावडं मारता येईल अशी तयार कामं प्रत्यक्षात नसतातच. मला ही कबुली फार मोलाची वाटते, कारण मुदत छोटी ठेवली की गरजेचं काम मागे राहतं आणि सोपं काम पुढे येतं, हे कुठेही होणार, आपल्याकडेही. अशीच छोटी मुदत इथंही होती: केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यांना ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज दिलं, १२ हजार कोटींचं, ते ३१ मार्च २०२१ पर्यंत खर्चायचं होतं. आता गोव्यात जूनपासून सप्टेंबर पाऊस, चतुर्थीनंतर कुठं रस्त्याचं काम धरतात, म्हणजे डांबराला खरे महिने सात-आठ आणि त्यातले दोन तर मार्चच्या पलीकडे. अशा वेळी जमीन, झाडं, विजेचे खांब, नळाच्या लाईनी हे सगळं पावसाळ्यात कागदावर मिटवून ठेवलं तरच ऑक्टोबरला काम सुरू होतं. पैसा यायच्या आधीचं हे काम कोणाला दिसत नाही, पण वेग खरा त्यातूनच येतो.

तुमच्या वाड्याचं म्हणाल तर ग्रामसभेत एवढंच लेखी मागा की डांबर घालायच्या आधी पाणी, वीज, केबल, गटार या सगळ्यांची सही एकाच कागदावर हवी. आणि तो चर आज बुजवायला लावा, अर्ज द्या, पोच घ्या, कोणाचा जीव जायची वाट बघू नका.

प्रश्न: टेंडर कमी दरात गेलं तर उरलेल्या पैशांचं काय होतं? – वाचक, फोंडा

उत्तर: अमेरिकेत तेव्हा हेच झालं, मंदीत कंत्राटदारांना कामं नव्हती म्हणून अंदाजापेक्षा कमी दर आले, आणि राज्यांनी वाचलेली रक्कम सोडवून दुसऱ्या कामांना लावली. पण हे जमलं ते यादीत पुढची कामं तयार होती म्हणून. तेव्हा पंचांना विचारा, या रस्त्यानंतर नंबर कोणाचा आणि त्याचं एस्टिमेट झालंय का.