बायकोला आवडत नसताना कमरेला उघडं पिस्तूल लावून बाहेर जावं का?

तुम्ही विचारलंय की टेक्सासमधे राहतो, पिस्तूल घेतलंय, ते सगळ्यांना दिसेल असं कमरेला लावून फिरणं कायद्यात बसतं, पण बायको म्हणते असं माझ्याबरोबर यायचं नाही, तर ऐकायचं कोणाचं. मी यातून गेलोय, डॅलसजवळ राहतो, म्हणून लिहितो.

आधी तुमचं स्टेटस काय ते बघा. एच-वन-बी वर असाल तर बायकोपर्यंत विषय जातच नाही, फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक जवळ ठेवताच येत नाही. शिकारीच्या लायसन्सचे वगैरे अपवाद आहेत पण त्या भानगडीत पडून व्हिसा घालवू नका. ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असाल तर पुढचं वाचा.

इथे १ जानेवारी २०१६ पासून लायसन्सवाल्यांना उघडं पिस्तूल लावायची परवानगी मिळाली आणि सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सचीही गरज उरली नाही, फक्त पिस्तूल होल्स्टरमधे, म्हणजे पट्ट्याला लावायच्या कव्हरमधे हवं. मला वाटलं आता काय, मोकळं रान! एका रविवारी तसाच इंडियन ग्रोसरीत गेलो. बिलाच्या लाइनीत पुढे एक काकू होत्या, हातात कोथिंबिरीची जुडी, त्यांनी मागे वळून माझ्या कमरेकडे बघितलं आणि काही न बोलता पलीकडच्या लाइनीत जाऊन उभ्या राहिल्या. एका पोराने विचारलं, अंकल खरी आहे का? मला तर तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. वळून बघतो तर बायको कार्ट तिथेच सोडून गाडीत जाऊन बसलेली.

घरी जाताना ती म्हणाली, "अरे, कोणी घाबरून पोलिसांना फोन केला तर ते येऊन आधी काय बघणार? दाढीवाला सावळा माणूस आणि बंदूक. आणि तुझ्या बाजूला मी आणि पोरगी असणार." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर मी तिला कायद्याची कलमं ऐकवत होतो आणि ती कायद्याबद्दल बोलतच नव्हती.

त्यात मला वाटत होता तेवढा कायदाही माझ्या बाजूने नव्हता. शाळेपासून १००० फुटांच्या आत राज्याचं लायसन्स नसताना भरलेलं पिस्तूल घेऊन रस्त्याने गेलात तर फेडरल गुन्हा होतो, आणि आम्ही रोज सकाळी पोरीला सोडायला त्याच रस्त्याने जातो. दुकानाच्या दारावर ३०.०७ ची पाटी (हा टेक्सासच्या कायद्यातल्या कलमाचा नंबर) असेल तर लायसन्स असलं तरी उघडं पिस्तूल घेऊन आत जाता येत नाही, ३०.०६ ची असेल तर लपवलेलं नेता येत नाही. २०१९ मधे एल पासोच्या वॉलमार्टमधे गोळीबार झाल्यावर वॉलमार्टने स्वतःच गिऱ्हाइकांना उघडी हत्यारं आणू नका म्हणून सांगितलं. म्हणजे दर दाराशी पाट्या वाचत फिरा, आणि गर्दीत मागून कोणी हात घालेल म्हणून कोपर कायम होल्स्टरवर दाबून ठेवा. संरक्षण कसलं, अर्धं तर मिरवणंच होतं ते, निदान माझं तरी.

मग मी क्लास करून लायसन्स काढलं. आता शर्टाखाली लावतो, तेही एकटा असलो तरच, ती किंवा पोरगी बरोबर असली की पिस्तूल घरी तिजोरीत. तिजोरीचा कोड दोघांना माहीत आहे, ही तिची अट होती. एकदा तिला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेलो, दहा गोळ्या मारल्या, कानावरचे मफ काढले आणि म्हणाली, आता मला जास्तच भीती वाटते.

तुम्ही निदान दोघं बरोबर असताना तरी उघडं लावू नका. आणि हे सगळं केल्यावर घरात शांतता होईल असंही समजू नका, घरात बंदूकच नको हे आमच्या बाईसाहेबांचं मत अजून तसूभर हललेलं नाही, परवाच परत एकदा वाजलं.