सामना फातोर्ड्यात, घर कुडाळात

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

परगावच्या सामन्याला जायचं म्हटलं की बहुतेक मंडळी जायच्या गाडीचं बघतात आणि यायचं 'येताना बघूया' म्हणून सोडून देतात. या वेळी आलेल्या पत्रांतल्या निम्म्या अडचणी त्यातूनच उभ्या राहिल्या आहेत.

प्रश्न : आम्ही कुडाळचे आठ मित्र मुंबई सिटीचे पाठीराखे आहोत. एफसी गोवाविरुद्धचा फुटबॉल सामना बघायला मडगावातल्या फातोर्ड्याला जायचा विचार आहे. सामना शनिवारी संध्याकाळी साडेसातला. रेल्वे बरी की गाडी? रात्री घरी येता येईल का?

येता येईल, पण रेल्वेने येण्याचा भरवसा धरू नका. जाताना कोकणकन्या सोयीची आहे. ती सकाळी कुडाळ सोडते आणि दुपारच्या आत मडगाव गाठते. मांडवी मात्र मडगावला पोचते तीच संध्याकाळी. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. एखाद्या स्टेशनात क्रॉसिंगला अर्धा-पाऊण तास गेला, की पहिला गोल तुम्ही स्टेशनबाहेर रिक्षा शोधताना ऐकणार. वंदे भारतचा विचार असेल तर ती कणकवलीला थांबते आणि मग थेट थिवीला. कुडाळ, सावंतवाडी तिच्या वाटेत आहेत, थांब्यांत नाहीत.

खरी अडचण परतीची. मुंबईकडे जाणारी कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच सुटते, तेव्हा तुम्ही मैदानाच्या दारात असाल. मांडवी दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री मंगळुरूकडून काही गाड्या येतात, पण प्रत्येकीला कुडाळ थांबा आहे का, हे तिकीट काढण्याआधी बघा. अशा गाडीचं तिकीट काढताना तारखेचा घोळही हमखास होतो. मडगावला गाडीची वेळ रात्री बारानंतरची असेल, तर 'शनिवारच्या रात्री'चं तिकीट रविवारच्या तारखेचं काढावं लागतं. शनिवारचं काढलंत, तर गाडी तुम्ही पोचायच्या आदल्या रात्रीच निघून गेलेली असते.

म्हणजे मुक्काम करून रविवारी सकाळी मांडवीने या, नाहीतर गाडी करा.

गाडी करताना आधी डोकी मोजा. सात आसनी गाडीत चालक धरून सात. तुम्ही आठ आणि चालक एक, म्हणजे नऊ. नववा माणूस डिकीत बसवून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवी नाक्यावर वाद घालण्यापेक्षा बारा-तेरा आसनी ट्रॅव्हलर घ्या. गाडीला गोव्यात प्रवासी नेण्याचा परवाना हवा. जिल्ह्यापुरता परवाना असलेली काळी-पिवळी किंवा ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि वाटेत अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. भाडं ठरवताना किलोमीटरचा दर, चालकाचा भत्ता, रात्रीचं हॉल्टिंग आणि गोव्यातला कर यांपैकी काय धरलंय आणि काय नाही, हे मोबाईलवर लिहून घ्या.

वेळ उलटी मोजत या. सामना साडेसातला, म्हणजे सव्वासहाला दाराशी, म्हणजे पाचला मडगावात. कुडाळ ते मडगाव साधारण 110 ते 115 किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर अडीच तास, पण शनिवारी दुपारनंतर तो मोकळा नसतोच. बांदा, पेडणे, कोलवाळपर्यंत सरळ जाल. पर्वरीला गाड्या तुंबतात. तिथून अटल सेतूने मांडवी नदी ओलांडायची, बांबोळी, आगशी, झुआरीचा नवा पूल, मग वेर्णा, नुवें. दुपारी एक-दीडला कुडाळ सोडा. लवकर पोचलात तर तोटा नाही, मडगावात संध्याकाळी गाड्यांवर रोस ऑम्लेट मिळतं.

चालकाला सामन्याचं तिकीट काढून देऊ नका. दिसायला हे कठोर आहे, पण साडेसहा ते साडेनऊ हीच त्याची झोप. सामना साडेनऊच्या आसपास संपतो, पार्किंगमधून बाहेर पडायला अर्धा तास, जेवण धरून कुडाळला एक-दीड वाजतो. बाद फेरीचा सामना बरोबरीत राहिला तर 30 मिनिटांचा जादा वेळ आणि पेनल्टी किक मिळून आणखी तास धरा.

आणि 'गर्दीच्या आधी निघू' म्हणून 85व्या मिनिटाला उठू नका. 24 एप्रिल 2024 ला याच मैदानावर उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात 90व्या मिनिटापर्यंत गोवा 2-0 ने पुढे होता. तिथून भरपाई वेळेपर्यंत मुंबईच्या छांगतेचे दोन आणि विक्रम प्रताप सिंगचा एक असे तीन गोल झाले आणि मुंबई 3-2 ने जिंकली. त्या रात्री पार्किंगकडे आधी निघालेल्या गोव्याच्या पाठीराख्यांचं बरं झालं म्हणता येईल, मुंबईच्या पाठीराख्यांचं नाही.

प्रश्न : तिकीट कधी आणि कुठल्या स्टँडचं काढावं? मुंबईचा निळा शर्ट घालून गेलो तर चालेल का?

शर्ट चालेल, फक्त जागा बरोबर हवी. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियममध्ये साधारण 19 हजार माणसं बसतात आणि बहुतेक नारिंगी रंगात असतात. तिकीट काढताना नकाशात पाहुण्या पाठीराख्यांचा ब्लॉक दाखवला आहे का, ते बघा. नसेल तर दोन्ही क्लबना समाजमाध्यमांवर विचारा. मुंबई सिटीच्या पाठीराख्यांचा 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड' नावाचा गट आहे, त्यांच्याबरोबर बसलात तर आवाजही मिळतो आणि सोबतही. घरच्या स्टँडचं तिकीट निघालं असेल तर साधा शर्ट घाला, आणि मुंबईचा गोल झाला की हात मांडीखाली दाबून बसा.

ई-तिकिटाची मेख अशी की आठही तिकिटं एकाच्या फोनवर येतात, मग तो येईपर्यंत सात जण दाराशी ताटकळतात. ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर आदल्या दिवशीच पाठवा. काही तिकिटांचा क्यूआर कोड ठरावीक वेळाने बदलतो, त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. पॉवर बँक बहुधा आत सोडत नाहीत, म्हणून मैदानाबाहेर उभं राहून चित्रीकरणात बॅटरी घालवू नका. पाण्याची बाटली, लायटर, हेल्मेट, मोठी बॅग गाडीतच ठेवा. एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पण सामन्यांची तारीख त्याआधी पक्की असतेच असं नाही. हे क्लब जिथे खेळतात त्या इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) 2025-26 चा हंगाम तर व्यावसायिक हक्कांच्या करारावरून वेळेवर सुरूच झाला नाही. त्यामुळे वेळापत्रक जाहीर झाल्यावरच पैसे भरा, आणि लॉज असा निवडा की आदल्या दिवशी रद्द केलं तरी पैसे परत मिळतील. ऐनवेळी तत्काळ आहेच. एसीसाठी आदल्या दिवशी सकाळी 10 ला, स्लीपरसाठी 11 ला उघडतं. ऑनलाइन काढायचं तर खात्याला आधार जोडलेलं हवं, ते त्याच सकाळी जोडत बसलात तर गाडी भरून गेलेली असते.

हंगामाच्या सुरुवातीचा सामना असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू आहे का, हेही बघा. पूर्वी ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं, 2025 मध्ये 15 जून ते 20 ऑक्टोबर होतं. या काळात गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात. गेल्या मार्चचा स्क्रीनशॉट बघून ऑक्टोबरात स्टेशनवर जाऊ नका.

प्रश्न : चिपळूणहून अंधेरीच्या मैदानावर सामना बघायला जायचं आहे. दादरला उतरून लोकल धरावी का?

बॅगा घेऊन संध्याकाळी दादरचा पूल चढण्यापेक्षा ठाण्याला उतरा. मध्य रेल्वेच्या लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो आणि थेट आझाद नगर. अंधेरी स्टेशनच्या पुढचंच स्टेशन. अंधेरी क्रीडा संकुल तिथून पायी अगदी जवळ आहे. अंधेरीलाच उतरून रिक्षा धरण्याची चूक बहुतेक जण करतात. परतीचं मेट्रो तिकीट जातानाच काढून ठेवा, सामना सुटल्यावर खिडकीवर रांग लागते.

प्रश्न : आम्ही दोघी वेंगुर्ल्याच्या, कॉलेजला आहोत. रात्री मडगावात राहायचं तर कुठे आणि कसं?

मैदानाजवळ कदंबा बसस्टँड आहे, त्याच परिसरात लॉज बघा. मडगाव रेल्वे स्टेशन तिथून तीन-चार किलोमीटर लांब आहे. स्टेशनवरची विश्रामगृहं पीएनआर असला की ऑनलाइन मिळतात, सकाळच्या मांडवीला ती सोयीची, पण आधीच भरतात.

खोली ठरवताना तीन गोष्टी फोनवर स्पष्ट विचारा. रात्री अकरानंतर दार उघडं असतं का (बऱ्याच लहान लॉजचं नसतं), फक्त दोन मुलींना खोली देतात का, आणि मूळ ओळखपत्र लागतं की झेरॉक्स चालते. दुपारीच जाऊन नोंदणी करून चावी घ्या. सामना सुटल्यावर निम्मी गर्दी त्याच रस्त्याने चालत जाते, तिच्याबरोबरच निघा. गर्दी ओसरायची वाट बघत मागे थांबलात तर पंधरा मिनिटांत रस्ता ओस पडतो. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरचे 'पायलट' दिवसा सोयीचे, पण मागे एकच जण बसतो, म्हणून रात्री दोघींना उपयोगाचे नाहीत. ओला-उबर गोव्यात धरून चालू नका, गोवामाईल्सचं ॲप घरूनच घालून घ्या. अडचण आली तर 112, रेल्वेत 139.

प्रश्न : रत्नागिरीहून आमचा 17 वर्षांखालील मुलांचा संघ म्हापशाला मैत्रीपूर्ण सामना खेळायला न्यायचा आहे. 16 मुलं, आम्ही चार मोठे. पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर जातोय. काय न्यावं?

आधी यजमानांना विचारा, मैदान गवताचं की कृत्रिम? म्हापशाच्या दुलेर मैदानावर कृत्रिम टर्फ आहे. जांभ्या दगडाच्या लाल मातीत खेळणाऱ्या मुलांना तिथे तीन गोष्टी नव्या असतात. चेंडू वेगाने सरकतो. घसरून टॅकल केलं की गुडघा भाजल्यासारखा सोलतो. आणि दुपारच्या उन्हात टर्फ इतकं तापतं की तळपाय भाजतात. बुटांना लोखंडी स्टड (तळाचे खुंट) तिथे नकोत, मोल्डेड स्टड किंवा टर्फ शूज चालतात. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू देऊ नका, निदान चार सराव त्यांत व्हायला हवेत. गुडघ्यांना व्हॅसलीन लावा. सामना साडेचारच्या आत ठेवू नका.

जर्सीचे दोन संच न्या, एक गडद, एक फिका. दोन्ही संघ निळ्यात उतरले तर पंच पाहुण्यांनाच बदलायला सांगण्याची शक्यता जास्त. गोलकीपरचा रंग दोन्ही संघांपेक्षा वेगळा हवा. शिनगार्ड (नडगीवरचं कवच) सक्तीचे आहेत, आणि सोळांतला एक जण ते घरी विसरतोच, म्हणून दोन जोड जास्त. मोज्यांवर टेप लावायची तर ती मोज्याच्याच रंगाची. बाळी, कडं, साखळी उतरवायची. वर टेप चिकटवून चालत नाही.

5 नंबरचे चार चेंडू न्या. हवेचा दाब नियमाने 8.5 ते 15.6 पीएसआय यांच्या दरम्यान. टर्फवर खालच्या बाजूला, नऊ-दहाच्या आसपास ठेवला तर उसळी आवरते. पंपाच्या सुया तीन घ्या. कोरडी सुई खुपसली की वॉल्व्ह फाटतो किंवा सुई मोडते, म्हणून आधी ओली करा.

रेल्वेने जायचं तर एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे वीस जणांची चार तिकिटं. थिवीला उतरा, म्हापसा तिथून जवळ आहे. प्रत्येक तिकिटावर एक मोठा माणूस असू द्या. म्हणजे एक तिकीट वेटिंगवर अडकलं तरी मुलं एकटी पडणार नाहीत. पालकांची लेखी संमती, दोन फोन नंबर, रक्तगट आणि ॲलर्जी एका वहीत, आणि ती वही प्रशिक्षकाच्या बॅगेत नको, प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवा. धावपळीत बॅग सापडत नाही, पेटी सापडते.

डब्यात घावणे, चपाती, सुकी लसूण चटणी, उकडलेली अंडी. ओल्या खोबऱ्याची चटणी नको, बंद डब्यात ती दुपारपर्यंत आंबते. सामन्याच्या तीन तास आधी वरण-भात किंवा दहीभात, तासभर आधी एक केळं. गोव्यात आलोय म्हणून दुपारी सुरमईच्या कढीची थाळी मुलं मागतील. ती सामना झाल्यावर द्या, नारळाचं वाटण पचायला वेळ घेतं आणि दुसऱ्या हाफमध्ये पोटात कळ येते.

पाणी माणशी अडीच लिटर धरा, म्हणजे वीस जणांना 50 लिटर, 20 लिटरचे तीन जार. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवा. अर्ध्या लिटरमध्ये घातलं तर उलट त्रास होऊ शकतो. बर्फाची लादी मासळी बाजारात स्वस्त मिळते, पण तो बर्फ खाण्याचा नव्हे. मुरगळलेल्या घोट्यावर फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं धरायला चालेल, पाण्यात टाकायला नाही. वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर तहानलेली मुलं तोच तोंडात टाकतात.

प्रश्न : येताना प्रत्येकी एक-दोन बाटल्या आणल्या तर कोण विचारतंय?

इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले विचारतात. गोवा बनावटीची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 खाली गुन्हा आहे, बाटली सीलबंद असो वा पावती असो. त्यात गाडीही जप्त होते, आणि ती तुमची नाही, भाड्याची आहे. पिऊन आलेल्याला मैदानाच्या दारातूनही परत पाठवतात. काहीतरी आणायचंच असेल तर बेबिंका आणा. काजू आणू नका, ते वेंगुर्ल्याचे आहेतच.