बर्लिनमध्ये शिकणारे आम्ही चौघे मित्र, परवा शनिवार-रविवार. आयत्या वेळी कमी पैशांत कुठे जाता येईल?

प्रागला जा, पण ट्रेनने नाही, बसने. मी दोनदा असाच आदल्या रात्री ठरवून गेलोय. आयत्या वेळी ट्रेनचं तिकीट भलतंच चढतं, बसचं सहसा आवाक्यात राहतं, आणि वेळही पाचेक तासच लागतो. राहायला जुन्या शहराच्या चौकाजवळ बघूच नका. झिझ्कोव्ह या भागाकडे हॉस्टेलची चार खाटांची अख्खी खोली मिळाली तर घ्या, माणशी स्वस्त पडते. बिअरही तिकडेच प्या.

फिरण्यावर फार खर्च होत नाही. चार्ल्स पुलावर पहाटे जा, नंतर नुसती जत्रा असते. किल्ल्याची आवारं फुकट आहेत, तिकीट आतल्या इमारतींना. वीशेह्राद या जुन्या गडाचा तट आणि लेत्नाच्या टेकडीवरून दिसणारी नदी, दोन्ही फुकट. मेट्रो-ट्रामला एकच तिकीट चालतं. कागदी असेल तर पिवळ्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड.

तिथे युरो नव्हे, कोरुना चालतो. एटीएमने किंवा कार्ड-यंत्राने ‘युरोत रक्कम वळवू का’ विचारलं तर नाही म्हणा.

एकच अट: भारतीय पासपोर्ट असेल तर तो आणि जर्मन रेसिडेन्स परमिट, दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एरवी सीमेवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात असले तरी परतताना जर्मन पोलीस बसमध्ये चढून तपासू शकतात. परमिट नूतनीकरणाला दिलं असेल, तर हातातल्या कागदावर देशाबाहेर जाता येतं का हे आधी विचारा, मगच तिकीट काढा.