वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराबद्दल खासदारानं विचारलं तर ‘सुरक्षेचा मामला’ म्हणून सरकार उत्तर टाळू शकतं का?

काही बाबतीत टाळू शकतं, सगळ्या बाबतीत नाही. गुप्त स्वरूपाच्या गोष्टींची माहिती मागणारा प्रश्न लोकसभेच्या नियमांत बसत नाही. म्हणून ‘भांडारात किती बॉम्ब आहेत’ असं लिहून दिलं की प्रश्न तिथंच गळतो. बहुतेक वेळा घोडं इथंच अडतं.

२० नोव्हेंबर २०१८ला पुलगावजवळच्या सोनेगाव आबाजी गावाजवळ या भांडारातला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जणांचा जीव गेला. त्यांत कंत्राटी मजूर होते. त्या मजुरांना प्रशिक्षण कोणी दिलं, कंत्राटाच्या अटी काय होत्या, भरपाई किती आणि कधी दिली, हे विचारा. यात गुपित काहीच नाही, आणि गावाला खरं हवं आहे तेही हेच.

खासदारांना लेखी मसुदाच द्या, तोही अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, कारण प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी लागते. तोंडी उत्तराच्या यादीत दिवसाला २०च प्रश्न येतात आणि तेही सोडतीनं, त्यामुळे लेखी उत्तराचा प्रश्न मागितलेला बरा. मंत्री ‘माहिती गोळा करत आहोत’ म्हणाले तर ते आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत पूर्ण झालं नाही तर लोकसभेच्या आश्वासन समितीकडे खासदारांना पाठपुरावा करायला लावा.

सोबत १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्जही टाका. गुप्तचर विभागासारखी सैन्याला या कायद्यातून सरसकट सूट नाही. नकार द्यायचा तर कलम दाखवावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं.